बॉयलर बोलली

वालाच्या शेंगा उन्हानं कडकडीत झाल्या की टळटळीत दुपारीच बडवून घ्याव्या लागतात. ऊन कललं की शेंग मऊ पडते आणि दाण्याला धरून बसते. म्हणून जेवणं उरकून भामा आणि तिची सून कोमल अंगणात ताडपत्रीवर समोरासमोर बसल्या होत्या. सासूची काठी खाली आली की सुनेची वर. शेंगा तडतडत होत्या, फोलपटं उडून केसांत, पदरात, कोमलच्या चष्म्यावर बसत होती. सोसायटीच्या इमारतीची सावली अजून कुंपणापाशीच होती. ती ताडपत्रीला टेकायच्या आत ढीग संपवायचा, असं भामानं ठरवलं होतं.

तेवढ्यात मागच्या पडवीत कुणीतरी ओरडलं.

घशाच्या तळातून निघून वर चढत जाणारा, मध्येच फाटणारा लांब आवाज. "क्वॉऽऽऽक्…" मग गप्प. मग पुन्हा, आणखी लांब.

कोमलची काठी हवेतच राहिली. तिची नजर आधी लेकीला शोधायला गेली. कुठं भांडं पडलं तरी तिची नजर आधी तिकडंच जायची. अडीच वर्षांची अंकिता ओट्यावर फोलपटांचा डोंगर करत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "गुलाबी."

"अगो बाय माझे!" भामानं काठी टाकली. "बॉयलर बोलली!"

गणपतीच्या दिवसांत एक जण सायकलला जाळीची पेटी बांधून विचुंबे गावच्या आळीआळीतून रंगवलेली पिल्लं विकत फिरला होता. गुलाबी, हिरवी, पिवळी, जांभळी. अंकितानं जाळी मुठीत धरली ती सोडेना, तेव्हा भामानं कनवटीला हात घातला. असली पिल्लं म्हणजे चार दिवसांची सोबत, हे गावात सगळ्यांना ठाऊक. काही गारठून मेली, एक कावळ्यानं नेलं. पण पाच तगली. पिसं झडून नवी आली तसा रंग गेला आणि पाचही एकजात पांढऱ्याशुभ्र झाल्या. पांढरी म्हणजे बॉयलर, हे भामाचं शास्त्र. गावठी अंडी घालते, ओरडते, खुडूक बसते. बॉयलर मुकी असते, खाते आणि शिमग्याला कापली जाते. हयातभर भामानं गावठी पाळल्या होत्या. रोज सकाळी एकेकीला उचलून, शेपटीखाली चाचपून, पोटात अंडं लागलं तर तिला बांबूच्या डालग्याखाली ठेवायचं, नाहीतर मोकळी सोडायचं, हा तिचा शिरस्ता. शेताच्या जागी इमारत आली तेव्हा त्या कोंबड्याही गेल्या. ह्या पाच जणींना मात्र तिनं कधी चाचपलं नव्हतं. ज्या घालायच्याच नाहीत त्यांना काय चाचपायचं? आता कुठली हिरवी आणि कुठली जांभळी, हे फक्त अंकिताला कळत होतं. रंग जाऊन महिने झाले तरी ती चुकत नव्हती. निदान तसं ती छातीठोक सांगायची.

एरवी एखादी कोंबडी ओरडली म्हणून कुणी काठी टाकली नसती. पण तो दोन हजार सहाचा फेब्रुवारी होता. तिकडं नवापूरला कोंबड्यांचा रोग आला होता. पांढरे झगे घातलेली माणसं खड्ड्यांत पोतीच्या पोती ओतताना रोज पेपरात दिसत होती. पनवेलच्या बाजारात चिकनच्या गाळ्यांची शटरं खाली होती.

कोमल बीएस्सी झालेली. पेपर ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची आणि त्यातलं वाईट तेवढं तिच्या लक्षात राहायचं. ती बारावीत असतानाच तिची आई गेली. त्यामुळं बाळंतपणापासून मुलीचे दात येईपर्यंत सगळं तिनं पुस्तकांतून आणि डॉक्टरला विचारून केलं होतं. विचारायला सासू होती. पण सासूला विचारलं की उत्तर यायचं, "होतंय आपसूक." आणि आपसूक होण्यावर कोमलचा विश्वास नव्हता.

ती पदर नाकाला लावून पडवीत गेली. चौघी जणी उकिरडा उकरत होत्या. गुलाबी एकटीच, बाजूला. लाकडाच्या मोळीमागं डोकं घालून बघत होती, बाहेर येत होती, कण्हल्यासारखा आवाज काढत होती, मग कलंडलेल्या घमेल्यात बघत होती. तिचा तुरा आठवड्याभरात भसकन वाढून एका डोळ्यावर कलला होता. रक्त उतरल्यासारखा लालभडक.

कळप सोडून एकटी राहणं. तुरा सुजणं. बेचैनी. हे सगळं कोमलनं पेपरात वाचलं होतं. तिनं वाकून हात पुढं केला मात्र, गुलाबीनं मट्कन बसकण मारली. पंख थोडे पसरले, अंग थरथरलं.

"आई! पाय गेले हिचे!"

भामा कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. "पाय कसं जातील? आता तर मोळीवर चढली." पण तिचाही आवाज खालचा होता. बॉयलर बोलते, हे तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हिरवी ओरडायला लागली. तिसऱ्या दिवशी आणखी एक. तेच एकटं फिरणं, तोच कललेला तुरा, हात नेला की तसंच बसणं. एकीचं दुसरीला लागत होतं, ह्यात कोमलला आता शंका उरली नाही. साथीचं लक्षण दुसरं काय असतं?

आवाज गावालाही जात होताच. कुंपणापलीकडच्या पहिल्या मजल्यावरच्या आशालताकाकू गॅलरीत आल्या. त्यांच्या बिल्डिंगखाली भामाचं शेत होतं, पण ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"कोमल, अगं हे काय चाललंय? आमच्या ह्यांची नाइट असते, दिवसा डोळ्याला डोळा लागत नाहीये."

"बघतेय काकू मी."

"बघतेयस काय! सगळी सोसायटी टेन्शनमध्ये आहे. घरात लहान मूल, शिकलेली मुलगी तू. मला वाटलं होतं, तूच आधी काढून टाकशील." आणि त्यांनी गॅलरीचं दार असं लावलं, जणू वारासुद्धा नको.

शिकलेली मुलगी. दिवसभर कोमलला ते दोन शब्द फोलपटासारखे टोचत राहिले. दुसऱ्या सकाळी बालवाडीच्या बाईंनी अंकिताला फाटकातच थांबवलं. "चार दिवस नका पाठवू ताई. मला काही नाही हो, बाकीच्या आया बोलतात." अंकिताचा डबा तिच्या हातातच होता. बाकीची मुलं आत गाणं म्हणत होती. परत येताना वाटेतल्या दोन बायकांनी रस्त्याची बाजू बदलली. अंकितानं विचारलं, "आपण घाण केली?"

"नाही गं," कोमल म्हणाली, आणि तिनं लेकीला कडेवर घेतलं. पोरीला शिंक आली. मग दुसरी.

गुरांच्या दवाखान्यात तिनं फोन केला. साहेब नवापूरला ड्युटीवर गेलेत, आले की सांगतो, असं उत्तर आलं.

संध्याकाळी शैलेश, तिचा नवरा, द्रोणागिरीच्या गोदामातून आला. दिवसभर फोर्कलिफ्टवर बसून त्याची पाठ लाकूड झालेली असायची. शर्टाला डिझेल आणि खाडीच्या खाऱ्या वाऱ्याचा वास. त्यानं चहाचा कप हातात घेतला आणि कोमलनं सगळं एका दमात सांगितलं.

"पाचही?" त्यानं विचारलं.

"पाचही. पुरायच्या. चुना घालून."

"मारायच्या त्या मार," भामा चुलीकडून म्हणाली. "पन पुरायच्या? शिमगा तोंडावर आलाय. चांगल्या रटरटून उकळल्या तर कसला रोग राहतो?"

"आई, पेपरात स्पष्ट लिहिलंय—"

"पेपर काय कोंबड्या पाळतो?"

"तुमच्या नातीला शिंका येतायत!" कोमलचा आवाज चिरकला. भामानं फुंकणी खाली ठेवली, पोरीच्या कपाळाला हात लावला आणि तो तिथंच ठेवून बसली.

सकाळी अंकिताचं अंग कोमट होतं, नाक वाहत होतं. शैलेशनं कामावर जाण्याआधी मागच्या वाफ्यात, शेवग्याखाली, कुदळीनं खड्डा खणला. गुडघ्यापेक्षा खोल. घराला रंग दिला तेव्हाची उरलेली चुन्याची गोणी काठावर आणून ठेवली. अंकिता खिडकीच्या गजाला नाक लावून बघत होती.

"बाबा, खड्डा कशाला?"

"झाड लावायला."

"कसलं?"

शैलेश कुदळीवर टेकला. "आंब्याचं."

कोमल आत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं एकाच फ्रॉकची तीनदा घडी केली.

नाक्यावरचा जगन दुपारी येणार होता. त्याच्या चिकनच्या दुकानाला आठवडाभर टाळं, म्हणून तो लगेच तयार झाला होता. तोवर पाच जणींना मोठ्या डालग्याखाली कोंडून वर दगड ठेवला. चौघी गप्प राहिल्या. गुलाबी काही केल्या राहीना. बांबूच्या फटीतून डोकं काढायची, गोल गोल फिरायची, बाकीच्यांना तुडवायची आणि तो लांब, चढत जाणारा, फाटणारा आवाज काढत राहायची. अंकिता आत खाटेवरून तिला उत्तर देत होती, "आले, आले, थांब." कोमलनं खिडकी लावून घेतली. लावली तरी ऐकू येतच होतं.

भामाला ते सोसवेना. ती वाडग्यात पाणी घेऊन गेली, दगड काढला, डालगं वर केलं, वाडगं आत सरकवलं. "जाताना पानी तरी पिऊन जावा गो," ती म्हणाली, आणि डोळे पुसत घरात आली. दगड तसाच बाजूला राहिला.

जगन आला तो तोंडाला रुमाल बांधून. कोमलची अट होती. सुरी कागदात गुंडाळलेली.

"काय वहिनी, गिऱ्हाईक नाय म्हनून सुरीला गंज चढला बघ. दुकानातल्या माश्यांनी पन गाव बदललं." कुणी हसलं नाही तसं त्यानं डालगं उचललं.

चौघी होत्या.

"पाचवी?"

भामानं दगडाकडं बघितलं, मग कोमलकडं. कोमलला कळलं. रागवायलाही वेळ नव्हता. रोगी कोंबडी सुटली होती. मोळीमागं, खाटेखाली, चुलीच्या कोनाड्यात, माळ्यावर, सगळीकडं बघून झालं. शेवटी कोमल चपला न घालता बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गेली, स्कुटरींखाली वाकून बघत फिरली. वॉचमननं विचारलं, "क्या ढूंढ रही हो भाभी?" सांगायला तिची जीभ रेटेना. कानातली रिंग ढूंढतेय, असं काहीतरी ती पुटपुटली. वर गॅलऱ्यांत एकेक डोकं दिसायला लागलं होतं.

आणि कुठंही आवाज नव्हता. चार दिवस नकोसा झालेला तो आवाज बंद झाला होता. मेलीच असणार. कुठंतरी, कुणाच्या तरी दारात.

ती परत आली तेव्हा भामा ओट्यावर बसली होती आणि जगन सुरी पुन्हा कागदात गुंडाळत होता. तेवढ्यात वाफ्याकडून आलं:

"कॉक्-कॉक्-कॉक्-कडाऽऽक्! कॉक्-कॉक्-कडाऽऽक्!"

हा आवाज वेगळा होता. तुटक, खणखणीत, दवंडी पिटल्यासारखा. डालग्याखालच्या चौघींनी माना वर केल्या आणि त्याही ओरडायला लागल्या. भामा ओट्यावरून उठली ती कुणाचा हात न धरता.

"हा आवाज…" ती म्हणाली, आणि चालायलाच लागली.

गुलाबी खड्ड्यात होती. तळाच्या भुसभुशीत मातीत तिनं छाती घासून वाटीएवढी जागा केली होती. वाऱ्यानं आलेली वालाची फोलपटं चोचीनं भोवती ओढून घेतली होती. त्या वाटीच्या काठावर उभी राहून ती गळा ताणून ओरडत होती, आणि तिच्या पायाशी, फोलपटांत, एक लहानसं पांढरं अंडं होतं.

जगननं तोंडावरचा रुमाल खाली केला. "आयला."

भामा गुडघे धरत, मातीवरून घसरत, खड्ड्यात उतरली. तिनं अंडं उचलून गालाला लावलं. "ऊन हाय अजून."

"आई, हात नका लावू!" कोमल काठावरून ओरडली. "रक्त आहे त्याच्यावर!"

भामानं अंडं फिरवून बघितलं. खरंच एक बारीक लाल रेघ होती. मग तिनं मान वर करून सुनेकडं बघितलं.

"पयलं हाय तिचं. तुझं काय बिनरक्ताचं झालं होतं?"

जगन शेवग्याकडं तोंड करून खोकायला लागला.

भामा वर आली ती थेट डालग्याकडं. एकेकीला काखेत धरून, शेपटीखाली बोट लावून ती चाचपू लागली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. "हिच्यात हाय. ही उद्या घालेल. ही… हिच्यात पन हाय गो!" मग ती मातीतच बसली आणि पोट धरून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "चाळीस वर्सं कोंबड्या पाळल्या मी! आन बॉयलर बॉयलर करत बसले! एकदा हात लावून बघितला नाय!"

कोमल मागोमाग आली होती. तीही शेजारी टेकली. तुरा, एकटं फिरणं, बेचैनी, हात नेला की बसणं. एकेक लक्षण तिनं बरोबर टिपलं होतं. एकही चुकीचं नव्हतं. फक्त ते मरणाचं नव्हतं.

"पण अंडं आज घातलं," ती हळूच म्हणाली. "मग चार दिवस ओरडत का होती?"

"जागा मागत होती." भामानं डोळे पुसले. "पोटात कायतरी भरलंय, कुटं ठेवायचं ते कळत नाय. पयली येळ. दुसरीचं बघून दुसरी शिकते. घरात एक तरी घालती कोंबडी असती तर हिला कोपरा दाखवला असता. ही पेटीतनं आलेली. हिला कोन दाखवनार?"

कोमल मातीकडं बघत राहिली. नवव्या महिन्यात ती ह्याच घरात कपाट लावायची, पुन्हा काढायची, पुन्हा लावायची. कुठं बसलं तरी बरं वाटायचं नाही. दवाखान्यात कळा सुरू झाल्यावर आया म्हणाली होती, ओरडू नका, बाकीच्यांना त्रास होतो. ती ओरडली नव्हती. ओठ चावून रक्त काढलं होतं.

भामा काय विचार करत होती कोण जाणे. पण तिनं एकदम सुनेच्या केसांतली फोलपटं काढायला सुरुवात केली. एक, दुसरं, तिसरं. "मी पन हात नाय लावला कदी," ती पुटपुटली. कोंबडीबद्दल म्हणाली की कशाबद्दल, ते कोमलनं विचारलं नाही. फक्त डोकं थोडं तिच्याकडं कलतं केलं.

"आणि घालून झाल्यावर का ओरडते?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"मग! एवढं केलं, ते गावाला सांगायला नको?"

वरून आशालताकाकूंची हाक आली. "कोमल! काय झालं गं? मेली का?"

कोमल उठली. लग्न होऊन आल्यापासून ह्या अंगणात तिचा आवाज ओट्याबाहेर गेला नव्हता. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडली, "अंडं घातलं काकू! पहिलं! रोगबिग काही नाही!"

"अगं, पण मग उद्यापासून…"

"ओरडणार! थोडे दिवस! सगळ्यांचं पहिलं होईपर्यंत! काकांना कानात कापूस घालायला सांगा!"

"आज कायतरी हाय," जगन सुरी काखेत मारत म्हणाला. "बॉयलर बोलली, आता वहिनी पन बोलली." आणि रिकाम्या हातानं, पण हसत, तो नाक्याकडं गेला.

अंकिताचं अंग तोवर निवलं होतं. नाक मात्र नळासारखं वाहत होतं, साधं पडसं. कोमलनं अंडं साबणानं धुतलं, मग उकळत ठेवलं, आणि ते खळखळत असताना घड्याळ बघत उभी राहिली.

"दगड होईल त्याचा," भामा म्हणाली.

"होऊ दे."

अंकितानं दगड झालेला पिवळा बलक बोटांनी कुस्करून सगळा खाल्ला, आणि पांढऱ्याचा एक तुकडा गुलाबीसाठी ठेवला. तो तिला का द्यायचा नाही, हे समजावताना कोमलला घाम फुटला.

संध्याकाळी शैलेश आला. त्यानं गोणी बघितली, खड्डा बघितला, पाच कोंबड्या बघितल्या. "बुजवू का?"

"नको," कोमल म्हणाली. "बाकीच्यांचं व्हायचंय."

"आंब्याचं झाड?" अंकितानं विचारलं.

"पावसाळ्यात," शैलेश म्हणाला, आणि ह्या वेळी तो अडखळला नाही.

दुसऱ्या दिवशी बालवाडी नव्हतीच. बाईंना पटायला आणखी आठवडा गेला. काकूंची गॅलरी बंदच होती. वालाचा ढीग मात्र अजून बाकी होता. कोमलनं सकाळीच खड्ड्यात पेंढा अंथरला होता. दुपारी सासू-सुना ताडपत्रीवर समोरासमोर बसल्या. काठी वर, काठी खाली. शेंगा तडतडत होत्या.

मागून आवाज आला. लांब, घशाच्या तळातून, वर चढत जाणारा.

"जांभळी," भामा म्हणाली.

"नाय," ओट्यावरून अंकिता म्हणाली. "हिरवी."

कोमलची काठी खाली आली, वर गेली, पुन्हा खाली आली.